कुलूप एकदाच ओढायचं

चाकणला आमच्या खोल्यांच्या रांगेत सकाळी कुणी मोठ्याने बोलत नाही. रात्रपाळीची माणसं तेव्हा नुकतीच झोपलेली असतात. दारं पत्र्याची, दोन खोल्यांच्या मध्ये एकच विटेची भिंत. अशा रांगेत मी रोज सकाळी कुलूप खडखडवायचो.

आई-वडील दोघंही पहिल्या पाळीला जायचे, त्यामुळे घर बंद करून शेवटी निघणारा मीच. कुलूप लावायचो, ओढून बघायचो, चालू लागायचो. कोपऱ्यावरच्या पंक्चरच्या दुकानाशी पोचलो की वाटायचं, ते लागलंच नसेल. मग परत. पुन्हा ओढायचं, पत्र्यावर आपटून बघायचं. मोबाईलवर कुलपाचा फोटो काढायचो आणि निगडीच्या बसमध्ये तो मोठा करून बघत बसायचो. मग शंका यायची, हा फोटो कालचा तर नाही? कधी कधी मोशीला उतरून घरी परत आलो आहे. कुलूप दर वेळी लागलेलंच असायचं. ते मला कळत होतं आणि कळून काही उपयोग होत नव्हता.

शेजारच्या खोलीत बीडकडचा एक माणूस राहतो, फोर्जिंगच्या कंपनीत रात्रपाळी करणारा. एका सकाळी त्याने बनियनवरच दार उघडलं.

"काय सोनं ठिवलंय का रं आत?"

"नाही... म्हणजे, कुलूप बघत होतो."

"कुणापायी बघतूस? दिवसा तुमच्या शेजारला मीच असतो. सरळ म्हण ना, मी चोर हाय म्हणून."

मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण तो बोलत असतानाही माझी नजर कुलपाकडे गेली. त्याने ते पाहिलं आणि दार आपटलं.

त्या दिवसापासून रांगेतल्या कुणीही आमच्याकडे धड पाहिलं नाही. नळावर आईची बादली मागे सरकवली जाऊ लागली. मग खोल्यांची मालकीण आली. ती इथल्याच जुन्या घरातली. अंगणात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती आईला म्हणाली, "तुमचं पोरगं लोकास्नी चोर समजतंया. आमी भांडणासाठी खोल्या न्हाई बांधल्या. ह्या महिन्यात आवाज थांबला न्हाई, तर दुसरीकडं बघा."

आई इथून कंपनीत चालत जाते. दुसरी खोली एवढ्या जवळ मिळणार नव्हती. वडील त्या दिवशी जेवताना म्हणाले, "डोकं चालावं म्हणून कॉलेजात घातला. याचं डोकं कुलपात अडकलं."

कॉलेजात माझी प्रॅक्टिकलं बुडत होती. आमच्या सरांनी मला ग्रंथालयामागच्या खोलीत पाठवलं. दर बुधवारी तिथे समुपदेशक मॅडम बसतात. खरं सांगायचं तर त्या मला आवडल्या नाहीत.

"आमच्याकडे चोरी होणार नाही, एवढंच मला सांगा," मी म्हणालो.

"ते मी सांगणार नाही."

"मग मी इथे कशाला येऊ?"

"मी सांगितलं तर बरं वाटेल. बसस्टॉपपर्यंत. मग पुन्हा कुणाला तरी विचाराल."

मला राग आला, कारण ते बरोबर होतं. पुढच्या वेळी त्यांनी मला सगळी सकाळ सावकाश सांगायला लावली. शंका आली की पोटात काय होतं, परत गेल्यावर किती वेळ बरं वाटतं, मग काय होतं. मीच बोलत होतो आणि बोलता बोलता मलाच दिसलं की प्रत्येक फेरीनंतर शंका आणखी घट्ट होत होती. मी परत जायचो म्हणून मनाला पटायचं की धोका होताच. त्या म्हणाल्या, भीती चढू द्या, काही करू नका, ती आपोआप उतरते. सांगायला काय जातं, असं मला वाटलं.

आधी फोटो पुसायला लावले. मग कोपऱ्यावरून मागे फिरायचं नाही. मग कुलूप एकदाच ओढायचं आणि निघायचं. काही दिवस जमायचं, काही दिवस मी पुन्हा पळत मागे जायचो आणि बुधवारी जाऊन ते सांगायचो. त्या रागावायच्या नाहीत, त्याचाही मला राग यायचा. घरी मी रोज आईला विचारायचो, "तू आलीस तेव्हा लागलेलं होतं ना?" मॅडमनी सांगितलं, आईला म्हणावं उत्तर देऊ नका. आई चिडली. "कसली बाई आहे ही? लेकराला साधं उत्तर द्यायचं नाही?" पण तिने देणं थांबवलं.

शेजाऱ्याला खरं सांगावं, हेही तिथेच बोलताना ठरलं. मी त्याच्या दारात गेलो.

"तुमच्यावर संशय नव्हता. मला शंकेचा आजार आहे."

"मग इतके दिस तोंड शिवलं व्हतं का?"

"मलाच कळत नव्हतं. आता कॉलेजातल्या मॅडमशी बोलतो, त्याने कमी होतंय."

"बोलून बरं व्हतंय व्हय? मग मलाबी घेऊन चल. माझी झोप तूच खाल्लीस." त्याने दार लावून घेतलं.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी कुलूप एकदाच ओढलं आणि निघालो. मागून त्याचा आवाज आला. तो दारात तंबाखू मळत उभा होता.

"ए भावा, उघडंच राह्यलं बघ."

माझे पाय थांबले. तो खोटं बोलत असेल. खरंही बोलत असेल. अशा वेळी काय करायचं हे मॅडमनी सांगितलेलं नव्हतं. मागे तो हसला, "जा की, बघ जाऊन. पुन्यांदा चोर म्हण."

मी मागे न बघता चालत राहिलो. बस पकडली. मोशी गेलं तरी भीती तसूभर उतरली नाही आणि मी मॅडमना मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या. दुपारी प्रॅक्टिकलला रीडिंग लिहून घेताना लक्षात आलं, बराच वेळ कुलूप आठवलंच नव्हतं.

घरी आई आधीच आलेली होती. पीठ मळता मळता तिने माझ्याकडे पाहिलं. प्रश्न तिला ठाऊक होता.

"काही विचारायचंय?"

"नाही," मी म्हणालो, आणि बाहेर जाऊन हातपाय धुतले. ते कुलूप त्या दिवशी लागलेलं होतं की नाही, मला अजून माहीत नाही.

महिना संपताना मालकीण आली. आमच्याशी न बोलता तिने शेजाऱ्याचं दार वाजवलं.

"आवाज येतूया का अजून?"

त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. "न्हाई येत."

"मंग ऱ्हाऊ दे म्हणतोस यांना?"

"मी कशाला म्हणू? मला झोप लागतीया, येवढंच." तो आत गेला.

मालकीण आईला म्हणाली, "ऱ्हावा. पर पुन्हा तक्रार आली तर मी इचाराया येणार न्हाई."

ती गेल्यावर वडिलांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "किती दिवस जायचं अजून त्या बाईकडे?"

"माहीत नाही. अजून काही दिवस."

"जा मग. पण रांगेत कुणाला सांगू नकोस."

रांगेत ते सगळ्यांना माहीत झालं होतं. पुढच्या बुधवारी मी गेलो.