आत्याची सकाळची गोळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नानांना नाही. देवापुढेसुद्धा नाही — तिथं हात जोडले की मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागायला लागते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगून बघते.

मी कमी बोलते. लोक म्हणतात, मुलीचा स्वभावच तसा आहे, लाजाळू. मी ते ऐकून घेते. खोटं आहे असंही नाही. पण त्या स्वभावाच्या आड काय काय ठेवता येतं, हे त्यांना कुठं ठाऊक आहे?

आत्याबद्दल आधी सांगायला हवं.

आत्या म्हणजे नानांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती कायमची. आम्ही ठाकुर्लीला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. नाना पॉवर हाउसमध्ये कामाला. वाळत घातलेल्या कपड्यांवर कोळशाची काजळी बसायची आणि आत्या त्या काजळीला रोज नव्या शिव्या शोधून काढायची. कल्याणला नन्सची इंग्रजी शाळा होती, तिथं मला घालायचं हा हट्ट तिचाच. नाना तयार नव्हते. शेजारच्या काकू तर तोंडावर म्हणाल्या, “इंग्रजी शिकून काय करायचंय हो? शेवटी पोळ्याच लाटायच्या ना?”

आत्या म्हणाली, “लाटील की. आणि लाटता लाटता साहेबाशी बोलेल. तुम्ही या तेव्हा ऐकायला.”

तिची स्वतःची मराठी चौथीसुद्धा पूर्ण झालेली नव्हती. संध्याकाळी मी अभ्यासाला बसले की ती तांदूळ निवडत जवळ येऊन बसायची. एक शब्द कळायचा नाही तिला. मी वाचायचे, ती ऐकायची, आणि मध्येच म्हणायची, “हे छान वाटलं कानाला. पुन्हा म्हण.” मी पुन्हा म्हणायचे.

मॅट्रिकच्या आधीच्या वर्षी तिला धाप लागायला लागली. आम्ही सगळ्यांनी दमा धरला. अडुळशाचा काढा झाला. कुणीतरी दम्यावरच्या सिगरेटी आणून दिल्या — धोतऱ्याच्या पानांच्या असायच्या त्या. आत्यानं दार लावून एक ओढली, खोकत खोकत हसली आणि आईला म्हणाली, “वहिनी, आता साहेबाची टोपी तेवढी आणा.” पण धाप काही थांबली नाही. मग पाय सुजले. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून ती उशांना टेकून बसून झोपायची. शेवटी नानांच्या ओळखीच्या कुणीतरी ठाण्याच्या एका डॉक्टरांचं नाव सुचवलं. मद्रासकडचे, लष्करातून निवृत्त झालेले, हृदयाचे चांगले जाणकार. फक्त त्यांना मराठी येत नाही.

आत्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “न का येईना. आमची बेबी आहे.”

क्वार्टर्सच्या नळावर तिनं ते चार बायकांना सांगितलं. त्या दिवशी नानांची ड्यूटी होती. आई, आत्या आणि मी, तिघीच गेलो.

त्या खोलीबद्दल मी इतक्या वेळा विचार केलाय की आता तिथं खरं काय होतं आणि मी काय भरलंय, तेही नीट वेगळं करता येत नाही. डॉक्टर उंच होते. त्यांनी मला विचारलं, इंग्रजी येतं का? मी हो म्हटलं. त्यांना बरं वाटलं असावं, कारण मग ते बोलतच गेले. आत्याच्या पाठीला नळी लावून, माझ्याकडे पाठ करून, भराभर. आमच्या नन्स सावकाश बोलायच्या, एकेक शब्द पुसून ठेवल्यासारखा. हे इंग्रजी तसं नव्हतं. शब्द गोल गोल फिरून एकमेकांत जायचे. मला ‘हार्ट’ कळलं. ‘नो सॉल्ट’ कळलं. ‘वन टॅब्लेट’ कळलं. पुढचं लांबलचक वाक्य आलं आणि निघून गेलं — त्यात ‘यलो’ होतं, ‘स्टॉप’ होतं. मग कपाटातून गोळ्यांची बाटली काढून त्यांनी माझ्या हातात दिली. वर नुसतं नाव होतं, डिजिटॅलिस. त्यांनी विचारलं, “क्लिअर?”

आत्या माझ्याकडे बघत होती. तिचा तो चेहरा — कसा सांगू? नाटकात आपल्या घरातलं मूल उभं असावं आणि ते आता बोलणार असावं, तसा.

मी म्हटलं, “येस, डॉक्टर.”

पुन्हा सांगा, असं म्हणायला काय लागलं असतं? ते चिडणारे वाटले नाहीत. कदाचित कागदावर लिहूनही दिलं असतं. पण आत्यासमोर विचारायचं? तिला इंग्रजी कळत नव्हतं, पण मला कळलं नाही हे तिला नक्की कळलं असतं.

टांग्यात आईनं विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं — हृदयाचं दुखणं आहे, खारट बंद, रोज सकाळी एक गोळी, चुकवायची नाही. हे ‘चुकवायची नाही’ माझं. ते डॉक्टर म्हणाले नव्हते. पण अधिकारानं सांगायला काहीतरी हवं होतं, नाही का? आईनं विचारलं, परत कधी दाखवायचं? मी म्हटलं, बरं वाटलं तर गरज नाही. तेही माझंच.

आणि गोळ्यांचा गुण आला. हेच तर. पायांची सूज उतरली, आत्या पुन्हा आडवी झोपायला लागली, अंगणात बसून काजळीला शिव्या देऊ लागली. शेजारच्या काकूंना तिनं मुद्दाम हाक मारून सांगितलं, “माझ्या बेबीच्या इंग्रजीनं मला उभं केलं हो.” मी आत स्वयंपाकघरात होते. तेव्हा बाहेर येऊन सांगता आलं असतं. तेव्हा तर काहीच बिघडलं नव्हतं.

ती गोळी मीच द्यायचे. शाळेला निघायच्या आधी, भांड्यात पाणी घेऊन. ते माझं काम ठरून गेलं होतं. बाटली संपली की नाना रिकामी बाटली दाखवून तशीच दुसरी आणायचे.

पुढे तिचं अन्न सुटलं. आधी नुसती चव गेली म्हणाली, मग वासानंच उलटी यायची. उन्हाळा आहे, पित्त झालं असेल, असं आम्ही धरलं. मग एक दिवस पानावर बसल्यावर तिनं आईला विचारलं, “वहिनी, आज भाताला हळद घातलीत?” भात पांढराशुभ्र होता. दुसऱ्या दिवशी तिला चादर पिवळी दिसली, भिंत पिवळी दिसली. “अगं बेबी, तूसुद्धा पिवळी दिसतेस. लग्नाआधीच हळद लागली तुला,” म्हणाली आणि हसली.

कावीळ म्हटली की सगळं पिवळं दिसणार, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. आणि कावीळ डॉक्टरची नव्हे, हेही. आईनं आत्याच्या पापण्या ओढून बघितल्या. डोळे पांढरेच होते. कल्याणपलीकडच्या गावातून कावीळ उतरवणारी एक म्हातारी आली, ती म्हणाली, “आतली कावीळ हाय, बाय. भायेर दिसाची नाय.” तिनं काड्यांची माळ ओवून आत्याच्या डोक्यावर घातली. ही माळ रोज थोडी थोडी सैल होत खाली उतरते, पायाखाली आली की दुखणं गेलं. सगळे माळेकडे बघत बसले.

नाना मात्र घुटमळत होते. ते मोजकंच बोलणारे. मला दारापाशी बोलावून त्यांनी हळूच विचारलं, “बेबी, त्या डॉक्टरांनी पिवळं दिसण्याबद्दल काही सांगितलं होतं का गं?”

आता सांगते. इथवर येताना मी किती फिरून आले, तुमच्या लक्षात आलंच असेल.

त्यांनी विचारलं त्या क्षणी ते वाक्य मला ऐकू आलं. ठाण्याच्या खोलीत जे नुसते आवाज होते, ते शब्द झाले. अन्न जाईनासं झालं, किंवा पिवळं दिसायला लागलं, तर गोळी बंद करा आणि ताबडतोब घेऊन या. हे असं, सरळ. शाळेतल्या कुठल्याही मुलीला कळावं इतकं सोपं इंग्रजी होतं ते.

मी म्हटलं, “नाही.”

नानांनी मान हलवली. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. का ठेवू नये? घरात इंग्रजी मला येत होतं.

माळ कमरेपर्यंत आली होती तेव्हा आत्या गेली. दुपारी, बसल्या जागी, आईशी बोलता बोलता. कावीळ हृदयात गेली असं ठरलं. पुढे कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या घरी तिच्या भावाची डॉक्टरीची पुस्तकं होती. त्यात मी त्या औषधाचं पान काढून वाचलं. खात्री करायला? खात्री मला होतीच. बहुतेक मला असं हवं होतं, की निदान पुस्तकात तरी काही वेगळं असावं. नव्हतं.

दिवसांना आलेले लोक माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणायचे, पोरीनं फार केलं आत्याचं. नानांनी मला जवळ घेतलं. असे ते कधी कुणाला जवळ घेत नाहीत. मी रडले. ते रडणं खरं होतं.

पण एक राहिलं. तेच सगळ्यात शेवटी ठेवलं होतं, न सांगता सुटावं म्हणून.

नानांना ‘नाही’ म्हटल्यानंतरही सकाळी गोळी मीच देत होते. मला ठाऊक असताना. ती गोळी मोरीत टाकली असती तर कुणाला कळलं असतं? कुणालाही नाही. माझं खोटंही उघडं पडलं नसतं आणि ती वाचली असती. हे तेव्हा सुचलं नाही, असं म्हणता आलं असतं. सुचलं होतं. पण गोळी न देता ती आणखी आजारी झाली आणि आईनं विचारलं तर? मी ह्या ‘तर’ला भ्यायले. आत्याच्या जिवाला नाही, ह्याला.

ती गेली त्या दिवशी सकाळी तिनं तोंड फिरवलं. “आज नको गं, बाळा. पोटात ढवळतंय.”

मी म्हटलं, “डॉक्टरांनी सांगितलंय ना आत्या, चुकवायची नाही.”

“त्यांनी सांगितलंय?”

“हो.”

मग तिनं तोंड उघडलं, आणि मी गोळी तिच्या जिभेवर ठेवली.