चौकटीची उंची

पाणीपुरवठा कार्यालयात त्यांना सगळे वेबकाका म्हणत. लागले होते कारकून म्हणून, पण अकरा वर्षांपूर्वी वेबसाइटचं काम कुणीच घेईना, तेव्हा ते त्यांच्या गळ्यात पडलं ते कायमचंच. त्यांनी ती जमेल तशी उभी केली. तक्त्यात तक्ता, त्यात आणखी एक तक्ता. एक ओळ हलवली की तीन भलतीकडे पळायच्या. दुसऱ्या कुणी हात लावायचं नाव काढलं नाही.

इथेच बदलीचं घोडं अडलं होतं. बायको दुसऱ्या शहरात नोकरीला, मुलगी तिच्याजवळ, आणि काका रविवारचे पाहुणे. मुलीची शाळा संपण्याआधी एका घरात राहायला मिळावं, एवढंच त्यांचं मागणं. चार वेळा अर्ज केला, चारही वेळा साहेब तेच म्हणाले, "तुम्ही गेलात तर साइट कोण बघणार? दुसरं कुणी तयार करा आणि खुशाल जा."

म्हणून एक्कावन्नाव्या वर्षी काका जेवणाच्या सुट्टीत वेबपानांची रीतसर पद्धत शिकायला बसले. शीर्षकाची खूण अक्षर मोठं दिसावं म्हणून नसते, मजकुरात महत्त्वाचं काय ते सांगण्यासाठी असते, हे त्यांना पहिल्याच धड्यात कळलं. त्यांनी आपलं पान तपासलं. साहेबांचं नाव पहिल्या दर्जाचं शीर्षक, आणि पाणी किती वाजता येणार हे सहाव्या, म्हणजे सगळ्यात खालच्या. कार्यालयात महत्त्व कशाला, याबद्दल निदान खोटं तरी लिहिलं नव्हतं, म्हणून ते स्वतःशीच हसले.

चार महिन्यांत त्यांनी सगळा गुंता सोडवला. रंग, अक्षरं, मोकळी जागा वेगळ्या स्टाइलच्या फाइलीत गेली, तक्ता उरला फक्त वेळापत्रकापुरता. मग नव्या लिपिक मुलीला शेजारी बसवून म्हणाले, "उद्याची वेळ बदल बघू."

तिने दोन मिनिटांत बदलली. "एवढंच होय काका? मी उगाच घाबरत होते."

साहेबांनी बदलीच्या अर्जावर सोमवारी सही करायचं कबूल केलं.

त्या आठवड्यात काकांना कुणी हाक मारली नाही. सगळे थेट त्या मुलीकडे जात. शुक्रवारी दुपारी काका रिकाम्या टेबलाशी विचार करत बसले. नव्या कार्यालयात आपल्याला कोण ओळखणार? आणि घरी? मायलेकींचं आपल्यावाचून छान चाललेलं, तिथे रोज उठून आपण काय करायचं? त्यांना खरोखर भीती वाटली.

पाच वाजता त्यांनी स्टाइलची फाइल उघडली आणि सूचनेच्या चौकटीची उंची ठरावीक करून टाकली. जास्तीचा मजकूर झाकला जाईल, अशी. हे कधी करायचं नसतं, हे ते आता पुरतं शिकले होते.

सोमवारी लांबलचक सूचना आली आणि तिच्या शेवटच्या चार ओळी दिसेचनात. मुलीने तासभर डोकं फोडलं, मग रडकुंडीला आली. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बघितलंत ना काका? अजून सहा महिने तरी थांबा."

काकांचा जीव भांड्यात पडला, आणि त्याची त्यांना भयंकर लाज वाटली.

दुपारी बायकोचा फोन आला. "झाली का सही?"

"नाही गं. साहेब सोडतच नाहीत."

"बरं. पोरीनं काल तुमच्यासाठी कपाटाचा एक खण रिकामा केलाय. राहू दे तसाच."