पालेर्मोचं वांगं

बायको गेली तेव्हा दहाव्याला नदीवर मी वांगं सोडलं. आमच्याकडे रीत आहे. गेलेल्या माणसाच्या नावानं एक पदार्थ सोडायचा, तो पुन्हा तोंडात घालायचा नाही. लोक हुशार असतात, कारलं सोडतात, शेपू सोडतात. मला ते पटत नाही. सोडायचं तर जीव गुंतलेलं सोडावं. तिच्या हातची भरली वांगी मी रोज उठून खाल्ली असती. आता दुसऱ्या कुणाच्या हातचं वांगं जिभेवर आलं तर तिची चव पुसली जाईल, ही मला भीती. म्हणून हातात पाणी घेतलं आणि मनात म्हटलं, सोडलं. कुणाला सांगितलं नाही.

मग मुलगा मला जर्मनीला घेऊन आला. तो आणि सून दोघं हेर्त्सोगेनआउराखला कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतात. गावाचं नाव मला अजून एका दमात घेता येत नाही. आल्या आल्या सुनेनं हौसेनं वांग्याचं भरीत केलं. खरं सांगायला गेलो असतो तर सगळ्यांसमोर रडू आलं असतं, म्हणून सांगितलं की वांग्यानं मला खाज सुटते. तेव्हापासून तिनं घरात वांगं आणलं नाही. पोरगी गुणी आहे. माझं सगळं खरं मानते.

ती दोघं कामाला, नात शाळेत, दिवसभर मी खिडकीशी बसायचो. मुलाला ते बघवेना. एके दिवशी म्हणाला, आपण चौघं शुक्रवारी संध्याकाळी निघू, इटलीत पालेर्मोला जाऊ, रविवारी परत. तिथं ऊन आहे, समुद्र आहे, खायला चांगलं मिळतं. मी म्हटलं, मला कुठं फिरायचंय, मी आहे तिथं बरा आहे. तर म्हणाला, तिकिटं काढून झालीत बाबा. पुढं बोलण्यात अर्थ नव्हता.

पालेर्मो मला आवडलं, हे कबूल करतो. जर्मनीत रस्ता मोकळा असला तरी माणसं लाल दिव्यापाशी देवळात उभी राहावीत तशी उभी राहतात. इथं स्कूटरवाले अंगावर येत होते आणि वर आपल्यालाच काहीतरी ऐकवत होते. गल्लीत या घरापासून त्या घरापर्यंत दोरीवर कपडे वाळत घातलेले. बाजारात भाजीवाले, मासळीवाले गळा काढून ओरडत होते. किती दिवसांनी माणसांचा आवाज ऐकला. एका चर्चमध्ये गेलो, आतून सगळं सोन्याचं. सून फोनवर बघून कुठल्या राजानं बांधलं ते सांगत होती. मी मान वर करून बघत होतो आणि तोंडातून निघून गेलं, "अगं, हे बघ."

"काय बाबा?" सून म्हणाली.

मी म्हटलं, काही नाही.

दुपारी बाजारातच एका लहानशा खाणावळीत बसलो. प्लास्टिकच्या खुर्च्या, कागदाचे टेबलक्लॉथ. एक जाडजूड बाई स्वतः रांधत होती आणि स्वतःच वाढत होती. शनिवार होता, शनिवारी मी मांसमच्छी खात नाही. सुनेनं त्या बाईला चारचारदा विचारून खात्री केली की मटण नाही, मासा नाही. बाईनं छातीवर हात ठेवून सांगितलं, नाही. मग आमच्यापुढं आले गोल तळलेले वडे, टोमॅटोच्या रश्शात घातलेले, वरून कसलातरी हिरवा पाला.

मी एक खाल्ला. बाहेरून कुरकुरीत, आत लोण्यासारखा. रस्सा आंबट, मागून थोडा गोड. इतक्या महिन्यांत मी अन्न गिळत होतो, खात नव्हतो. त्या दिवशी खाल्लं. ताट पुसून घेतलं आणि आणखी मागवले. मुलगा सुनेकडं बघून हसला, ते मला दिसलं. नातही हसली. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मनच. बापाला काहीतरी म्हणाली. मुलगा म्हणाला, "विचारतेय, आजोबा आता बरे झाले का?"

मला काय अवदसा आठवली, मी सुनेला म्हटलं, विचार तिला, यात घालते काय. सुनेनं हातवारे करून, फोनमध्ये बोलून विचारलं. ती बाई खूष होऊन आत गेली आणि तान्हं मूल दाखवायला आणावं तसं दोन्ही हातांवर एक भलंमोठं जांभळं वांगं घेऊन आली.

माझा घास तोंडातच राहिला. थुंकणार कुठं? ती समोर उभी, तोंडभर हसत. गिळला.

सून पांढरी पडली. तिनं पर्स उपसली, गोळ्यांचं पाकीट काढलं. म्हणाली, "बाबा, ही लगेच घ्या. खाज सुटायच्या आत. चूक माझी आहे, मी मटणाचं विचारत बसले."

"खाज सुटत नाही मला," मी म्हणालो. "कधीच सुटत नव्हती. तुझ्या सासूच्या नावानं सोडलंय मी वांगं."

ती बाई आमची तोंडं बघून वांगं घेऊन गुपचूप आत गेली. मुलानं काटा खाली ठेवला. म्हणाला, "मला तरी सांगायचं ना बाबा."

"तुला काय सांगायचं? तू देव आहेस का?"

मी त्याच्यावर उगाच तोंड टाकलं. चिडलो होतो मी माझ्या जिभेवर. चुकून खाल्लं असतं आणि बेचव लागलं असतं तर चाललं असतं. पण मी मागून घेतलं होतं. तिची चव आठवून बघितली, तर तोंडात नुसता तो टोमॅटोचा रस्सा. वाटलं, गेली. आता खरी गेली.

सून नवऱ्याकडं बघत होती, मग माझ्याकडं. शेवटी म्हणाली, "बाबा, एक सांगू? रागवाल."

"रागावलेलाच आहे. सांग."

"आईंनी बटाटा खाल्ला होता."

माझ्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा बायकोनं माझ्या नावानं बटाटा सोडला होता. मी वाचलो म्हणून जन्मभरासाठी. आमच्या घरात त्यानंतर बटाटा शिजला नाही. ती खात नाही तर मी कशाला खाऊ, म्हणून मीही हूं का चूं केलं नाही. पुढं नातीच्या जन्माच्या वेळी ही सुनेच्या बाळंतपणाला एकटी जर्मनीत आली. थंडीचे दिवस. सून सांगत होती की नाताळच्या बाजारात बटाटा किसून त्याची धिरडी तळतात, वर सफरचंदाचा गोड गर घालून देतात. सासू त्या वासापाशी येऊन थांबली ती हलेना.

"मी म्हटलं, आई, यात बटाटा आहे," सून म्हणाली. "तर म्हणाल्या, तू मला सांगितलं नाहीस, मी ऐकलं नाही. दे इकडे."

हुबेहूब तिचा आवाज. सुनेला नक्कल करता येते हे मला माहीत नव्हतं.

"एकदाच ना?" मी विचारलं.

सून मान खाली घालून हसली. "बाबागाडी घेऊन निघालो की त्या बाजाराकडेच वळायच्या. म्हणायच्या, बाळाला हवा लागू दे."

"आणि मी तिकडं बटाट्यावाचून जगतोय."

मुलगा आधी हसला आणि मग तोंडावर हात घेऊन हुंदके द्यायला लागला. नातीनं आपला कागदी रुमाल त्याच्यापुढं सरकवला.

माणूस गेलं की त्याचं नवं काही कानावर येत नाही. भेटायला येणारे तेच तेच सांगतात, स्वभावानं चांगली होती, हाताला चव होती. ते मला माहीत होतं. हे माहीत नव्हतं. संसार केला मी तिच्याबरोबर, आणि ती हातात कागदाची ताटली घेऊन, तोंडाला सफरचंदाचा गर लागलेला, चोरून बटाटा खाताना मला कधी दिसलीच नव्हती. आता दिसली. बटाटा खाल्ला आणि माझ्या काळजाला काही झालं नाही, हेही ध्यानात आलं.

मी सुनेला म्हटलं, "आणखी काय काय खाल्लं तिनं?"

"खरं सांगू?"

"आता लपवून काय करतेस? सांग सगळं."

तिनं खुर्ची माझ्याकडं ओढली आणि सांगायला लागली. मी ताट मधोमध घेतलं. वडे अजून गरम होते.