गयामावशींचं तण

गयामावशी कुणाच्या तोंडाकडं बघून बोलत नसत. त्यांची नजर समोरच्याच्या पायाशी असायची. ही नम्रता आहे असं ज्यांना वाटायचं ते साफ फसायचे, कारण मावशी जमीन बघत असत. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात मंगलाष्टका चालू होत्या, सगळे अक्षता मुठीत धरून नवरानवरीकडं टक लावून उभे होते आणि मावशी मांडवाच्या खांबाशी उकिडव्या बसून लव्हाळा उपटत होत्या. लव्हाळ्याच्या मुळाशी शेंगदाण्याएवढी काळी गाठ असते. ती हाताला लागेपर्यंत त्या बोटानं माती उकरत राहिल्या. आई कुजबुजली, "मावशी, अहो अक्षता टाका!" मावशी म्हणाल्या, "टाकते की. पर ह्याची गाठ ऱ्हायली तर पुढच्या लग्नाला वऱ्हाडाच्या आधी हेच येऊन बसंल."

आमच्या वाशी गावाच्या शिवारात खुरपणाऱ्या बायकांची एक टोळी होती आणि गयामावशी तिच्या मुकादम. अकरा जणी होत्या. रानात एका ओळीत बसायचं, प्रत्येकीनं आपापल्या वाट्याची पट्टी धरायची आणि सगळ्यांनी बरोबरीनं पुढं सरकायचं. त्या पट्टीला पात म्हणतात. मावशींची पात कायम मधोमध असे, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्हीकडच्या आळशी बायका एकाच नजरेत येत. आमचं वाशीत कापडाचं दुकान आणि गावाबाहेर चार एकर रान. सोयाबीनच्या खुरपणीला ही टोळी आली की शाळेला दांडी मारून मी बांधावर जाऊन बसायची. एकदा मीही हौसेनं खुरपं घेतलं आणि दिसेल ते हिरवं उपटू लागले. मावशींनी माझं मनगट धरलं. "आधी नाव घे, मग उपट. नाव ठाव नसलेल्याला हात लावायचा न्हाय."

"का?" मी विचारलं.

"ते तण हाय, का भाजी हाय, का दवा हाय, तुला काय म्हाईत? उपटल्यावर सांगतंय का ते?"

संध्याकाळी टोळी घरी निघाली की मावशींच्या पदराच्या ओट्यात चिगळ किंवा पाथरीची भाजी बांधलेली असायची. आमच्या लेखी ते सगळं गवतच होतं.

मग तणनाशक आलं. सांगायला लाज वाटते, पण आमच्या बाजूला पाठीवर पंप अडकवून पहिली फवारणी करणाऱ्यांत माझे वडील होते. अकरा बायकांचं चार दिवसांचं काम एका गड्यानं दुपारपर्यंत उरकलं. बघता बघता सगळ्या शिवारानं तोच कित्ता गिरवला आणि टोळी फुटली. एक जण शाळेत खिचडी शिजवायला लागली, एक हॉटेलात भांडी घासायला, बाकीच्या कुठं कुठं पांगल्या. मावशी भांडल्या नाहीत. आठ दिवसांनी आमच्या बांधावर येऊन त्यांनी पिकातलं पिवळं पडलेलं तण पाहिलं आणि वडिलांना म्हणाल्या, "आप्पा, मेलंय खरं सगळं. पर नाव एकाचंबी कुणी घेतलं न्हाय." वडील हसले. मला तेव्हा हसूही आलं नाही आणि काही कळलंही नाही.

त्यानंतरच्या वर्षांत मावशी भेटल्या की मी विचारायची, "सध्या काय करता, मावशी?" एकदा त्या म्हणाल्या, "पोटाला लेक घालतोय, त्याची चिंता न्हाय. पर मला जे ठाव हाय ते आता कुणालाच लागत न्हाय बघ." तक्रारीचा सूर अजिबात नव्हता, आणि त्यामुळंच ते मला जास्त लागलं.

मी चित्रकला शिकले आणि पुण्याच्या एका लहानशा कंपनीत व्हिडिओ गेमची चित्रं काढायला लागले. सहा जणांची कंपनी. पुढं घरून काम करायची सोय झाली तशी मी वाशीला परतले आणि दुकानाच्या माडीवर संगणक मांडला. तेव्हा आम्ही एक निवांत खेळ करत होतो. माणसं सोडून गेलेलं एक शहर. ओसाड एसटी स्टँड, बंद थिएटर, पडकं गोदाम. खेळणाऱ्यानं थोडं पाणी वळवायचं, थोडा उजेड येऊ द्यायचा आणि झाडझाडोरा हळूहळू सगळं कसं व्यापतो ते बघत बसायचं. त्यात शत्रू नाही, घड्याळ नाही, हरणं-जिंकणं नाही. दिवसभर डोकं पिकलेल्या माणसानं घटकाभर शांत व्हावं, एवढाच हेतू.

एका दुपारी मावशी आईकडं आल्या होत्या, त्या जिना चढून माझ्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. "हे काय करायलीस, पोरी?"

मी सांगितलं. पडद्यावर माझा एसटी स्टँड होता, परदेशी फोटो बघून काढलेल्या नाजूक हिरव्या वेलींनी मढवलेला. मावशींनी बराच वेळ बघितलं आणि त्या फस्सकन हसल्या.

"ही येल कुठनं आली?"

"आली म्हणजे... उगवली."

"आन् उगवल्या उगवल्या माडीवर गेली? खाली कोण न्हाय, मधी कोण न्हाय? अगं, तणाला रीत असती. ते पंगतीवानी येतं. एक पंगत उठल्याबिगर दुसरी बसत न्हाय."

"मग पहिली पंगत कुणाची?"

"धुळीची. धूळ बसल्याबिगर काय उगवंल फरशीत?"

मग पदर खोचून त्यांनी खाली बैठक मारली आणि मला पंगती वाढून दिल्या. धुळीनंतर जिथं नळ गळतो तिथं शेवाळ. मग फरशीच्या भेगांत एकदांडी. मग गाजरगवत, कारण ते कुणालाच विचारत नाही. मग आघाडा, पण तो स्वतःहून येत नाही. त्याचं बी कशाला तरी चिकटून येतं. "एक शेळी सोड की ह्यात," मावशी म्हणाल्या. मी भिंतीतला पिंपळ दाखवला, तर त्यांनी तोही नापास केला. "पिंपळ कोण लावतं भितीत? पाखरू लावतं. आधी पाखराला बसाया जागा दाव." मी स्टँडच्या छपरावर एक तुटकी तार ओढली. त्यांनी मान डोलावली.

मी सगळा स्टँड पुसून नव्यानं काढला आणि पुण्याला पाठवला. आमचा प्रमुख रोहन. स्वभावानं चांगला, पण जन्मभर कुंडीतली झाडं पाहिलेला. तो म्हणाला, "गाजरगवत? लोकांना शांत वाटायला हवंय गं, अंगाला खाज सुटायला नको." मी हट्टाला पेटले. आमच्या घरच्या पंपानं ज्या बाईचं काम घालवलं तिचं म्हणणं मी पुन्हा पुसणार नव्हते. मी त्याला म्हटलं, एकदा इथं ये आणि तूच विचार त्यांना.

तो आला. गावाबाहेर वर्षानुवर्षं बंद असलेली कापसाची एक जिनिंग गिरणी आहे, तिथं आम्ही मावशींना घेऊन गेलो. रोहन परीक्षकासारखा बोट दाखवत होता आणि मावशी चालता चालता उत्तरं देत होत्या. नाव, ते कुणाच्या मागून आलं, कुणाला हुसकावून बसलं, आणखी दोन पावसाळ्यांनी तिथं काय असेल. एका खोलीच्या कोपऱ्यात जांभळ्या फुलाचं एक रोप होतं. मावशींनी पान चुरगाळलं, वास घेतला, देठ मोडून चीक येतो का पाहिलं आणि म्हणाल्या, "हे मला ठाव न्हाय. टोळीतल्या शेवंताला इचारते. तिलाबी ठाव नसंल तर न्हाय म्हून सांगते."

परतताना गाडीत बसता बसता रोहन मला म्हणाला, "त्या 'माहीत नाही' म्हणाल्या ना, तिथं मी हरलो. म्हणजे बाकीचं सगळं त्यांना खरंच माहीत आहे." त्या दिवसापासून गाजरगवत खेळात आलं, शेळी आली आणि तारेवर पाखरू बसल्याशिवाय पिंपळ उगवेनासा झाला. पुढं लोकांना या खेळात सगळ्यात जास्त आवडलं ते हेच, पाखराची वाट बघत बसणं.

खेळ तयार होत आला तेव्हा मी मावशींच्या हातात फोन दिला. पहिलं रोप दिसताच त्यांनी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून ते उपटायला घेतलं. आमच्या खेळात रोपाला स्पर्श केला की ते वाढतं. ते वाढलं. त्यांनी पुन्हा उपटलं, ते आणखी वाढलं. पाच मिनिटांत थिएटरचं जंगल झालं आणि मावशी घामाघूम. "अगं, हे हात लावला की माजायलंय!" मी पोट धरून हसले. मग समजावलं, मावशी, यात उपटायचं नाही, नुसतं बघायचं. त्या हात मांडीवर ठेवून बसल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "जलमभर ह्येच्या मागं लागले, पर ह्येला मोठं हुताना कवाच बघितलं न्हाय. लई गोजिरं दिसतंय की गं." इतका अभिमान मला स्वतःच्या कुठल्याही चित्राचा कधी वाटला नाही.

खेळाच्या शेवटी करणाऱ्यांची नावं सरकत जातात. रोहननं मावशींच्या नावापुढं 'वनस्पती सल्लागार' असं घालायचं ठरवलं. मावशींना ते पटेना. "सल्ला म्या कवा दिला? म्या खुरपलंय. खुरपणारी म्हून लिवा. आन् एकटीचं नाव घालू नगा. अकरा जणींचं घाला."

"पण बाकीच्यांनी काही केलेलं नाही ना, मावशी," रोहन फोनवरून म्हणाला.

"कसं न्हाय केलं? लव्हाळ्याची गाठ मला शेवंताच्या आईनं दावली. तुमचं ते जांभळं फूल शेवंतानं वळखलं. आसराबाई तर कुणाआधी काय येतं ते डोळं झाकून सांगायची, ती गेली बिचारी. पात एकटीनं लागत न्हाय, साहेब."

अकरा नावं गेली. प्रत्येकीपुढं 'खुरपणारी, वाशी'. परदेशातल्या आवृत्तीतही तो शब्द तसाच आहे. त्याचा अर्थ कुणी विचारला की मी लांबलचक उत्तर लिहिते.

खेळ बाजारात आला त्या दिवशी टोळीतल्या होत्या तेवढ्या बायका आमच्या माडीवर जमल्या. मी शेवटची यादी लावली. नावं भराभर वर गेली आणि संपली. बायका एकमेकींच्या तोंडाकडं बघू लागल्या. मावशी उतारवयात गावातल्या साक्षरता वर्गाला जाऊन अक्षरं शिकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढी घाई कशापायी? कुणी वाचू ने म्हून लिवलंय का?" मी तिथल्या तिथं रोहनला फोन केला, वेग कमी करून घेतला आणि यादी पुन्हा लावली. तरीही वेग जास्त वाटला, म्हणून आणखी कमी केला. तिसऱ्या वेळी मावशींनी पडद्याला बोट लावलं आणि एकेक अक्षर जुळवत अकराच्या अकरा नावं मोठ्यानं वाचली. आसराबाईंचं नाव वाचतानाही त्या थांबल्या नाहीत. शेवंता तोंडात पदर धरून रडत होती.

गेल्या उन्हाळ्यात गयामावशी गेल्या. आजार फार दिवसांचा नव्हता. त्यांच्या लेकानं दहाव्याला आलेल्या प्रत्येकाला फोनवर ती यादी दाखवली. माझ्या वडिलांनी ती उभ्या उभ्या शेवटपर्यंत पाहिली आणि बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले.

आता खेळाची नवी आवृत्ती निघते आहे. खेळणारे बाकी सगळ्याचं कौतुक करतात आणि एकच तक्रार लिहितात, की शेवटची नावं कंटाळा येईल इतकी हळू सरकतात. परवा रोहननं विचारलं, "आता वाढवायचा का वेग?" मी नाही म्हटलं. ती यादी गयामावशींच्या वाचण्याच्या वेगानं जाते, आणि ज्याला घाई असेल त्यानं थांबावं.