वाचनालयातला मोठा आवाज

सुरतेतल्या लिंबायतच्या ज्या गल्लीत आनंदाभाऊ बडगुजर राहतात तिथे त्यांचं घर कुणाला विचारावं लागत नसे. गल्लीच्या तोंडाशी जरा उभं राहिलं की त्यांचा आवाजच वाट दाखवायचा. ते घरात "चहा टाक" म्हणाले की शेजारच्या घरातही आधण चढे, असं लोक गमतीने म्हणत. त्यांची बायको चंचलबाई मात्र वैतागे. "हळू बोला ना, आख्खी गल्ली ऐकी ऱ्हायनी," ती म्हणायची. पण तेही तिला ओरडूनच सांगावं लागायचं.

पारोळ्याजवळच्या खेड्यातून आनंदाभाऊ मिसरूड फुटायच्या वयात सुरतेला आले आणि लूमच्या कारखान्यात लागले. तेव्हापासून सगळं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलं. एका लांबट शेडमध्ये ओळीने माग, त्यांच्यामधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट आणि सकाळ-संध्याकाळ न थांबणारा तो आवाज. तिथे कुणी कुणाशी बोलत नाही. धागा तुटला तर बोटाने दाखवायचं, चहा आला तर अंगठा तोंडाकडे न्यायचा, शेठ आला तर भुवई उडवायची. आनंदाभाऊंना समोरच्याचे ओठ वाचता येऊ लागले, आणि ते कधी येऊ लागले हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

पुढे शेठने जुने माग भंगारात काढले आणि नवी मशिनं कडोदऱ्याला टाकली. एवढ्या लांब रोज जायचं बळ आता आनंदाभाऊंच्या गुडघ्यांत नव्हतं. मुलगा गोपाल साडीच्या मार्केटमध्ये कामाला होता, घर चाललं होतं. "पप्पा, आता बसा आरामात," तो म्हणाला. पण बसायचं कुठे? घरात चार माणसं बोलत, हसत, आणि आनंदाभाऊ त्यांच्यात असून नसल्यासारखे. कुणी हसलं की तेही हसत. कुणी काही विचारलं की "हो हो" म्हणत. त्या "हो हो"ने कितीदा घोटाळे झाले, तरी कान गेलेत हे त्यांनी ना दुसऱ्याला सांगितलं, ना स्वतःला.

घरापासून चालत जाण्यासारखं एक सार्वजनिक वाचनालय होतं. तिथे मराठी पेपर येतो असं कळल्यावर आनंदाभाऊ जेवण करून तिकडे जायला लागले. पंख्याखाली बसायचं, पेपर उघडायचा आणि जळगाव-धुळ्याच्या बातम्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचायच्या. त्यांना तिथे फार बरं वाटे. इथे कुणीच बोलत नव्हतं, त्यामुळे इथे ते सगळ्यांसारखेच होते.

निदान त्यांचा तसा समज होता. प्रत्यक्षात आनंदाभाऊ पेपर मोठ्याने वाचत होते. स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नव्हता, इतरांना मात्र कांद्याचे भाव, तापीचं पाणी, अमळनेरची चोरी सगळं खणखणीत ऐकू येत होतं. समोरच्या टेबलाशी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं-मुली बसत. त्यांच्यात तेजस्विनी नावाची मुलगी होती. दोन-तीन दिवस तिने कानांत बोटं घालून अभ्यास केला आणि मग ती ग्रंथपाल वंदनाताईंकडे गेली.

वंदना गुप्ते मूळच्या बडोद्याच्या. वडील बँकेत होते, त्यांची बदली सुरतेला झाली आणि त्या इथल्याच झाल्या. वाचक त्यांना वंदनाबेन म्हणत. मराठी त्यांची घरची, पण तिला गुजरातीचा हलका हेल. नियमांच्या बाबतीत बाई पक्क्या होत्या. भिंतीवरची पाटी त्यांनीच लिहवून घेतली होती: शांतता राखा, फोन बंद ठेवा, आत खाणंपिणं नको, कॉम्प्युटरवर एकाने तासभरच बसायचं, ऐकायचं असेल तर हेडफोन लावूनच, उठताना आपलं खातं बंद करून उठायचं.

वंदनाबेन आनंदाभाऊंच्या मागे जाऊन हळू आवाजात म्हणाल्या, "काका, मनात वाचा हं." आनंदाभाऊंना कळलंच नाही. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्यांदा अभ्यासाला बसलेला एक मुलगा चिडून उठला, थेट त्यांच्यासमोर उभा राहिला आणि पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, "वांचतां नथी आवडतुं?" वाचता येत नाही का?

आनंदाभाऊंना गुजराती ओठही वाचता येत होते. त्यांनी पाटीकडे पाहिलं. मग सगळीकडे पाहिलं. प्रत्येक मान त्यांच्याकडे वळलेली होती. कुणाची चेष्टा, कुणाचा राग, कुणाची नुसती कीव. इतके दिवस आपण काय करत होतो हे एका क्षणात त्यांच्या ध्यानात आलं. पेपर त्यांनी नीट घडी करून जागेवर ठेवला, चपला घातल्या आणि ते निघून गेले. वंदनाबेन टेबलावरून उठेपर्यंत ते रस्त्याला लागले होते.

त्यानंतर ते तिकडे फिरकले नाहीत. चंचलबाईने विचारलं तर म्हणाले, "पेपर बंद व्हई गया."

वंदनाबेनच्या मनाला मात्र ती रिकामी खुर्ची टोचत होती. नियम मोडणारे वाचक त्यांनी पुष्कळ पाहिले होते, पण हा माणूस मोडणाऱ्यातला वाटत नव्हता. एका संध्याकाळी भाजी घेताना तो त्यांना पुढच्याच गाडीवर पाठमोरा दिसला. वंदनाबेनने मागून हाक मारली. भाऊ वळले नाहीत. पुन्हा मारली. भाजीवाला वळला, शेजारची गाय वळली, भाऊ मेथीच निवडत राहिले. तेव्हा कुठे वंदनाबेनच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि ओठ नीट हलवत म्हणाल्या,

"भाऊ, तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

आजवर असं सरळ कुणी विचारलं नव्हतं. आनंदाभाऊ गोंधळले. "येतं ना ताई. ते मशीनचा आवाज असला का मग जरा..."

"मशीन कुठे आहे इथे?"

आनंदाभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. भाजीच्या गाड्या होत्या, रिक्षा होत्या, मशीन नव्हतं. तो खडखडाट त्यांच्या कानांतच राहायला आला होता, कारखाना बंद होऊन गेल्यावरही. ते हातातली मेथीची जुडी तशीच धरून उभे राहिले.

"उद्या या," वंदनाबेन म्हणाल्या. "पेपर वाचायला नको. माझ्याकडे या."

जावं की न जावं यात सकाळ गेली. शेवटी चंचलबाईनेच त्यांना घराबाहेर काढलं. वंदनाबेनने त्यांना कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरशी बसवलं आणि हेडफोन त्यांच्या हातात दिला. "इथे हा लावावाच लागतो, नियम आहे," त्या हसून म्हणाल्या. मग त्यांनी अहिराणी गाणी शोधून एक लावलं आणि आवाज हळूहळू चढवत नेला.

आधी काहीच नाही. मग लांबून आल्यासारखी ढोलकी. मग एकदम, कानाच्या अगदी आत, एका बाईचा आवाज, शब्दन् शब्द सुटा. आनंदाभाऊंनी दोन्ही हातांनी हेडफोन दाबून धरला. गाणं संपलं तरी ते हलले नाहीत. वंदनाबेनने दुसरं लावलं, मग तिसरं. तास संपला तेव्हा रांगेतल्या मुलीने आपली पाळी पुढे ढकलली. ती तेजस्विनी होती.

मग ते रोज येऊ लागले. वंदनाबेनने त्यांना माउस धरायला शिकवलं, शोधायचं कसं ते शिकवलं. एक दिवस आनंदाभाऊंनी खिशातून मोबाइल काढला आणि संकोचाने म्हणाले, "ताई, याच्यात माझ्या अक्काचं बोलणं येतं. मला नुसती घरघर ऐकू येते. ते याच्यात ऐकता येईल का?"

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण मालतीबाई. ती गावाकडे, सासरी होती. लिहिता येत नव्हतं म्हणून तिची सून सोनाली फोनचं बटण दाबून धरी आणि अक्का बोले. तसे निरोप कितीतरी साठले होते. चंचलबाई ऐके आणि ओरडून सांगे, "अक्का बऱ्या शेतस." आनंदाभाऊ मान हलवत, आणि तिथेच सगळं संपे.

वंदनाबेनने त्यांचं मोबाइलमधलं खातं कॉम्प्युटरवर उघडून दिलं आणि त्या आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम होता, तो पाटीवर लिहिलेला नव्हता.

अक्काचा आवाज आला. म्हातारा झाला होता, पण तोच होता. लहानपणी विहिरीवरून हाका मारणारा. पहिल्या निरोपात पाऊसपाणी होतं, दुसऱ्यात म्हशीचं वासरू. नंतरच्यांत आवाज उतरत गेला होता. शेवटच्या निरोपात ती म्हणत होती, "भाऊ, तू बोलस का नै रे? माले इसरी गया का? माय-बाप गयात, आते तूच मन्हं माहेर शे. औंदा तरी आखाजीले माले लेवाले ये."

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी जातात. भाऊ न्यायला येतो. म्हातारी झाली म्हणून बाईचं माहेर सुटत नाही. आनंदाभाऊंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. चंचलबाईने हा निरोपही त्यांना सांगितला असणार आणि त्यावरही आपण "हो हो" म्हणून मान हलवली असणार, हे त्यांना कळून चुकलं.

त्यांनी तिथेच फोन तोंडाशी धरला. वंदनाबेन लगबगीने उठून आल्या. आत फोनवर बोलायचं नव्हतं. त्यांनी भाऊंना दंडाला धरून बाहेर जिन्यापाशी नेलं, बटण दाबून धरलं आणि खुणेने सांगितलं, बोला.

"अक्का," आनंदाभाऊ म्हणाले, आणि रस्त्यावरचे रिक्षावाले वर बघायला लागले. "तुले कसा इसरसू? माले ऐकू येत नै अक्का. कान गयात. मी आखाजीले येसू."

कान गेले, हे ते पहिल्यांदाच मोठ्याने बोलले होते. संध्याकाळी त्यांनी ते घरीही सांगितलं. गोपाल म्हणाला, "पप्पा, उद्या दवाखान्यात जाऊ." तपासण्या झाल्या, खेटे झाले, आणि हिवाळा सरता सरता दोन्ही कानांत यंत्रं बसली. पहिले काही दिवस आनंदाभाऊ हैराण. कुकरची शिट्टी दचकवायची, पिशवी चुरगळली तरी कानाला झोंबायची. चंचलबाईचा आवाज मात्र त्यांना आवडला. "तू इतली गोड बोलस, माले माहीत नव्हतं," ते म्हणाले, तर ती पदर तोंडाला लावून आत गेली.

आता गोष्ट इथेच थांबली असती. पण आनंदाभाऊंना धुडकू आठवत होता. धुडकू कोळी, शेजारच्या मागावरचा जोडीदार. त्याचे कानही गेलेले, आणि तोही "हो हो" म्हणणारा. एक दिवस त्याला ते ओढूनच वाचनालयात घेऊन आले आणि हेडफोन लावला. गाणं सुरू झालं तसा धुडकू इतक्या जोरात "आरे" म्हणाला की अख्खी खोली दचकली. पुढच्या आठवड्यात आणखी दोन जुने कारागीर आले. यंत्र मिळेपर्यंत त्यांना हळू बोलणं जमणार नव्हतं, आणि अभ्यास करणाऱ्यांचंही चूक नव्हतं.

वंदनाबेनने वाचनालयाच्या मंडळापुढे विषय ठेवला. सकाळी अभ्यासाची मुलं यायच्या आधीचा वेळ या लोकांना द्यावा, तेव्हा मोठ्याने बोललं तरी चालेल. एक सभासद म्हणाले, "बेन, हे वाचनालय आहे, चौक नाही." वाचकांपैकी कुणाला बोलायचं का, असं विचारल्यावर तेजस्विनी उभी राहिली.

"तक्रार मीच केली होती," ती म्हणाली. "माझे पप्पा पण लूमवर आहेत. घरी ते ओरडून बोलतात म्हणून तर मी अभ्यासाला इथे येते. मला वाटायचं, त्यांचा स्वभावच तसा आहे. या काकांना बघितलं तेव्हा कळलं. सकाळची वेळ त्यांना द्या. मी पप्पांना पण घेऊन येईन."

नियम झाला. पाटीवर गुजरातीत एक ओळ वाढली आणि खाली तीच मराठीत. सकाळच्या त्या वेळात आता वाचनालयात चांगलाच गलका असतो. कुणी गावच्या बातम्या लावतो, कुणी भारूड, कुणी दुबईतल्या नातवाचा निरोप. आनंदाभाऊ प्रत्येकाच्या मागे उभे राहून समजावतात, तास झाला की उठवतात आणि खातं बंद केलं का ते बघतात. त्यांना कुणी नेमलेलं नाही.

आखाजीच्या आधी ते गावी गेले आणि अक्काला घेऊन आले. उधना स्टेशनवर उतरल्यावर तिने विचारलं, "आपुन आधी कुठे जाई ऱ्हायनूत?" तिची वळकटी खांद्यावर टाकून ते सरळ वाचनालयाच्या दारात गेले. वंदनाबेन बाहेर आल्या. आभार मानायची रीत आनंदाभाऊंच्या घरात नव्हती. आपल्या माणसाचे आभार मानले तर ते परकं होतं, असं त्यांची आई म्हणायची. त्यामुळे काय बोलावं ते त्यांना सुचेना.

"अक्का," शेवटी ते म्हणाले, "ही आपली वंदना. हिना हातनं पानी पी ले, मंग घर जाऊ."

वंदनाबेनने माठातलं पाणी आणलं. अक्का पायरीवर बसली, सावकाश तांब्याभर पाणी प्यायली आणि ओल्या हाताने वंदनाबेनच्या गालावरून बोटं फिरवून तिने ती आपल्या कानशिलाशी कडाकडा मोडली.