टाच टेकली की आउट

१० मे, शनिवार. गच्चीवरची टाकी धुवायची होती. पावसाळ्याआधी दरवर्षी मी ती स्वतः धुते. माणूस लावला की तो वरवर फडकं मारून जातो आणि गाळ तळाला तसाच राहतो. सकाळी नऊलाच साडी खोचली, खराटा घेतला, टाकीचा खालचा नळ सोडला.

लेक जर्मनीहून दोन मुलांना घेऊन माहेरपणाला आली होती. नात पाच वर्षांची, नातू तीन. जावई तिकडेच नोकरीवर. येऊन आठवडा झाला होता आणि त्या आठवड्यात गल्लीतल्या प्रत्येकीनं माझ्याकडे एकच गोष्ट बोलून दाखवली होती. शेजारीण तर दारातूनच म्हणाली, "काय वळण लावलंय गं पोरास्नी! घरात हायत का न्हाईत, कळत न्हाय." मी मान डोलावली होती. मुलं कुजबुजत बोलायची. बोलणं आईचंच, पक्कं कोल्हापुरी, आम्हा बायकांसारखं 'मी आलो, मी जातो', पण कानाशी कान लावावा लागे. दार लावताना नात दोन्ही हातांनी धरून लावायची. एकदा जेवल्यावर भांडं हातातून पडलं तर ती भिंतीला चिकटून उभी राहिली. परदेशात शिस्त असते म्हणतात, ती हीच, असं मी धरून चालले. चार जणींना कौतुकानं सांगितलंही.

टाकीचं पाणी गच्चीभर पसरलं. दोन्ही मुलं त्यात खेळली आणि जिन्याकडच्या कोरड्या फरशीवर गेली. मी खराटा मारत मागे वळले. नातवाची पावलं उमटली होती, टाचेसकट. त्यांच्या शेजारून नातीची गेली होती. बोटं आणि चवडा. मागे काही नाही. पाण्यापासून जिन्यापर्यंत वीस-बावीस पावलं, एकालाही टाच नव्हती.

"इकडं ये," मी म्हटलं. "सरळ उभी राहा. टाच टेकव बघू."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हसली. "फसवतीस की आजी," ती कुजबुजली.

"काय फसवतो?"

"टाच टेकली की आउट. मी एकदापण आउट झालो नाही. तिकडं पण नाही, विमानात पण नाही."

मला आधी काही कळलंच नाही. मग आठवलं.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. तिकडे त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, लाकडी जमिनीचं. खाली एक म्हातारे गृहस्थ. मूल धावलं की ते काठीनं छत ठोकायचे आणि मग घरमालकाला पत्र लिहायचे. दुपारी एक ते तीन आवाज नको, रात्री दहानंतर नको, रविवारी तर दिवसभर नको. दुसरं पत्र आलं त्या दिवशी लेक फोनवर रडत होती. तिसरं आलं की घर सोडायला लागणार, आणि लहान मुलं असलेल्यांना तिकडे दुसरं घर लवकर मिळत नाही. माझं शिवणकामाचं दुकान आहे, घराच्या खालच्या मजल्यावर. लग्नसराई होती, समोर ब्लाउजचा ढीग होता. मी म्हटलं, दे तिला फोन. साडेतीन वर्षांच्या त्या मुलीला मी खेळ शिकवला. मांजर चालल्याचा आवाज येतो का? नाही येत. का? तर ते चवड्यावर चालतं. आता तू मांजर. टाच टेकली की आउट. आउट न होता कोल्हापूरला आलीस तर आजी तुला रंकाळ्यावर घोड्यावर बसवेल. दहा मिनिटांचं काम. लेकीचं रडं थांबलं, मी ढिगाकडे वळले. पुढे आठवड्यानं तिनं कळवलं, "आई, तुझ्या खेळानं काम झालं बघ." मला बरं वाटलं. आणि मी तो खेळ विसरून गेले.

टाकी अर्धवट टाकून मी खाली आले. लेक कांदा चिरत होती.

"ही चवड्यावर चालते. तुला दिसलं नाही?"

"दिसलं की."

"मग?"

"खेळतीय वाटलं." तिनं सुरी ठेवली. "बालवाडीच्या बाईंनी दोनदा विचारलं. मी सांगितलं, आमच्या घरचा खेळ हाय. आणि खरं सांगू का आई? बरं वाटायचं. हिचा आवाज नाही म्हणजे आज पत्र नाही. मी काय करणार होतो दुसरं? मी स्वतः मोज्यांवर मोजे घालून फिरतो घरात."

आमचे हे पेपर वाचत होते. म्हणाले, "पोरगी पाय आपटत नाही म्हणून तुम्ही मायलेकी खूश. धन्य आहात." मी डॉक्टरांची वेळ घ्यायला फोन उचलला.

संध्याकाळी राजारामपुरीत हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. दवाखाना पहिल्या मजल्यावर. त्यांनी नातीला झोपवलं, गुडघा सरळ धरला आणि पाऊल वर वाकवायला गेले. ते मध्येच अडलं. गंजलेली बिजागरी अडते तसं.

"पोटरीचा स्नायू आखडलाय," डॉक्टर म्हणाले. "काही मुलांना ही सवय उगाच असते, कारण सापडत नाही. हिचं कारण तुम्ही सांगताय, तेवढंच असेल असंही नाही. गुडघा वाकवला की टाच टेकतेय अजून, ते चांगलं आहे. व्यायाम रोज. तीन महिन्यांत फरक नसेल तर प्लास्टर घालावं लागेल. त्यानंही नाही झालं तर ऑपरेशनचा विचार." मग ते नातीकडे वळले. "काय गं, टेकवतेस का टाच? मला बघू दे."

तिनं नकारार्थी मान हलवली आणि मला खाली वाकवून कानात विचारलं, "इथं खाली कोण राहतं?"

खाली औषधाचं दुकान होतं. मी तसं सांगितलं. तिनं तरी टाच टेकवली नाही.

"हे तुमच्याकडेच आहे," डॉक्टर मला म्हणाले. "दिवसभर चवड्यावर राहिली तर माझ्या व्यायामाचा उपयोग नाही."

घरी येताना तिला रंकाळ्यावर नेलं. घोड्यावर बसवलं, दोन फेऱ्या. उतरवून घेतलं आणि सांगितलं, खेळ संपला. तू जिंकलीस. आता टाच टेकवायची.

"खेळ संपला," ती म्हणाली. "पण खालचे आजोबा?"

ती घोडेवाल्याच्या समोर चवड्यावर उभी होती. ते आजोबा माझे नव्हते, ते घर माझं नव्हतं, आणि दहा दिवसांनी ती तिथेच परत जाणार होती. माझ्या खेळामागचं खरं कारण तिला माझ्यापेक्षा जास्त चांगलं कळलं होतं. रात्री जेवायला बसलो. लेकीनं पाण्याचा तांब्या आवाज न करता खाली ठेवला, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती आली त्या दिवसापासून तसाच ठेवते आहे. हीच पोरगी लहानपणी जिन्यावरून खाली उतरायची तेव्हा दुकानातलं गिऱ्हाईक दचकायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवून झाल्यावर मी नातीला म्हटलं, "तू आईबरोबर वर थांब. मी दुकानात जातो. आज खाली राहणारी आजी मी. किती ऐकू येतं ते मी सांगणार."

"आज रविवार आहे," ती कुजबुजली.

"म्हणूनच."

मी खाली गेले, दुकानाचं शटर अर्धं उचललं आणि कापायच्या टेबलाशी उभी राहिले. वरून काही नाही. मी जिन्याकडे तोंड करून ओरडले, "चालतीयस का झोपलीस गं? काही ऐकू येत नाही!"

हलकी टपटप झाली.

"उंदीर हाय का कोण? मला उंदीर नको, नात पाहिजे!"

लेकीचं हसू ऐकू आलं. मग एक दणका बसला. तो लेकीचा होता, ते मला लगेच कळलं. पाठोपाठ दुसरा. छताचा थोडा चुना टेबलावरच्या अस्तरावर पडला. लेकीला मी डॉक्टरांचं सांगून ठेवलं होतं: नातीनं उडी मारायची ती गुडघे वाकवून, दोन्ही पायांवर. आणि मग धप्प. हलका, आखूड, पण सपाट पायाचा.

"आजी, आलं का ऐकू?" हे ती मोठ्यानं विचारत होती. आठवड्यात पहिल्यांदा.

"आलं की! अजून जोरात!"

धप्प. धप्प. नातूही सामील झाला. समोरचा पानवाला शटरखालून वाकून म्हणाला, "काय पाडताय काय वर?" मी म्हटलं, "पाडतोय. तुला काय?"

साडेआठ वाजले होते, म्हणजे तिकडे पहाटेचे पाच. मी जावयांना फोन लावला. बऱ्याच वेळानं उचलला. दबक्या आवाजात म्हणाले, "आई? काय झालं?"

"मुलं बरी आहेत," मी म्हटलं. "तळमजल्यावरचं घर बघा. लांब असलं तरी चालेल, लहान असलं तरी चालेल. ते मिळेपर्यंत ह्या तिघांची तिकिटं मी पुढं ढकलतो. व्यायाम इथंच करून घेतो."

ते काहीतरी म्हणत होते, पण वरच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही. मी फोन ठेवला आणि अस्तरावरचा चुना झटकला.