एक कप कमी

जे आज लिहितो आहे ते माझ्या बायकोला ठाऊक नाही. देवासमोर बसलो तरी मनातल्या मनातसुद्धा मी ते कधी पुरतं उच्चारलेलं नाही — अर्ध्यावर आलं की स्तोत्र सुरू करायचं, ही माझी रीत. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही जात नाहीये.

आधी आमच्या बैठकीचं सांगतो. ते सांगायला मला आवडतं — कदाचित म्हणूनच आधी सांगतो आहे.

बऱ्हाणपुरात आम्हाला लोक ‘खुनी मंडळी’ म्हणत. चौघे जण होतो. पुंडलिकभाऊ कापसाचे अडते. मोतीलालजी जरीच्या तारेचे व्यापारी. गोविंदराव स्टेशनात असिस्टंट मास्तर. आणि मी, इंग्रजी शाळेतला मास्तर. दर रविवारी दुपारी जेवणं आटोपली की पुंडलिकभाऊंच्या दुकानाच्या गादीवर जमायचं, लोडाला टेकायचं आणि एखाद्या विलायती साहेबाचा खून कोणी केला ते शोधायचं. पुस्तकं गोविंदराव आणत. पहिल्या वर्गाच्या डब्यात, वेटिंग रूममध्ये साहेबलोक वाचून झालेल्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्या टाकून जात. कधी पुठ्ठा नसे, कधी चहाचे डाग असत. पण गोष्ट पुरी असली की झालं.

चौघांत पुस्तक वाचण्याइतकं इंग्रजी एकट्या मला येत होतं. गोविंदरावांचं इंग्रजी गाडीच्या वेळांपुरतं. तेव्हा पुस्तक माझ्या हातात, आणि मी वाचता वाचता तोंडाने मराठी करीत जायचं. डोळे इंग्रजीत दोन-तीन ओळी पुढे, जीभ मराठीत मागे. ही जागा लक्षात ठेवा — डोळ्यांच्या आणि जिभेच्या मधली. सगळं तिथेच घडलं.

विलायती नावं मंडळींच्या लक्षात राहत नसत. म्हणून पुंडलिकभाऊंनी युक्ती काढली. पहिल्या प्रकरणातच सगळ्यांचं बारसं करायचं. कर्नल असला की ‘मिशाळकाका’. एखादी फार बोलणारी बाई आली की, गावातल्या शनवारा मोहल्ल्यावरून, ‘शनवाऱ्याची मावशी’. एकदा एक लंगडा वकील आला, त्याला मोतीलालजींच्या मेव्हण्याचं नाव दिलं, आणि तो तिसऱ्या रविवारी मेला तेव्हा मोतीलालजी म्हणाले, “चला, घरी जाऊन बायकोला खबर द्यावी लागेल.” असे आम्ही हसायचो. मोठी माणसं, पोटं धरून.

नियम एकच होता. शेवटच्या प्रकरणाआधी पुस्तक मिटायचं. मीही पुढे डोकावायचं नाही. मग एकेकाने गुन्हेगाराचं नाव घ्यायचं, कारणासकट. ज्याने सगळ्यांत आधी बरोबर नाव घेतलं असेल त्याला गोदावहिनींनी — म्हणजे पुंडलिकभाऊंच्या पत्नीने — आतून पाठवलेली दराब्याची पहिली वाटी. आणि ती त्याने आपल्या हाताने खायची नाही, हरलेल्यांनी एकेक घास भरवायचा. तुम्ही बऱ्हाणपूरचा दराबा, तो रवा-तूप-साखरेचा, खाल्ला आहे का? तोंडात टाकला की चावावं लागत नाही. त्यात हरलेल्या मित्राच्या हातून आला की —

असो. वाटी नेहमी पुंडलिकभाऊंना मिळायची.

नेहमी म्हणजे नेहमीच. मला पुरावे सापडत, वेळा सापडत, बंद खिडक्या सापडत. त्यांना माणसं सापडत. डोळे मिटून, मान किंचित तिरपी करून ऐकत राहायचे आणि शेवटी अगदी हळू म्हणायचे, “मास्तर, हा माणूस खरा रडला नाही.” तेवढंच. आणि तेच निघायचं. मला कौतुक वाटायचं, खोटं नाही सांगत. पण त्या कौतुकाखाली आणखी काहीतरी साचत होतं, गाळासारखं. ते मला तेव्हा दिसलं नव्हतं का? दिसलं होतं. मी त्यावर पाणी हलू देत नव्हतो, एवढंच.

त्यांची स्वतःचीही एक गोष्ट होती. आमच्या कुंडी भंडाऱ्याची. गावाबाहेर जमिनीखालून पाण्याचं भुयार जातं आणि वर विहिरींसारख्या कुंड्यांची रांग, ते तुम्हाला माहीत असेल. त्यांच्या गोष्टीत एका कुंडीत एका सावकाराची पगडी सापडते आणि सावकार भलत्याच कुंडीत. वाचन संपलं की दर रविवारी ते थोडी थोडी पुढे सांगत. कागदावर काही नाही, सगळी डोक्यात. त्यातली माणसं आमच्याच गावची होती, आमच्यासारखी बोलणारी. मोतीलालजी म्हणत, “भाऊ, मला मारायचं तर मारा, पण जेवण झाल्यावर.” गोष्ट पुरी झाली की ती लिहून काढायची आणि जळगावला नेऊन छापायची असं ठरलं होतं. लिहून मी घेणार होतो. विलायती गोष्टी ऐकून ऐकून माणूस थकतो हो. ही गोष्ट ऐकताना वाटायचं, आपल्याही गावात कोणी इतकं बारकाईने बघतंय.

आता त्या रविवारचं.

त्या दिवशी आमच्या शाळेचे नवे हेडमास्तर पाहुणे म्हणून आले होते. मीच बोलावलं होतं. खरं सांगायचं तर मिरवायलाच. मी इंग्रजी पुस्तक धरून कसं धडाधड मराठी करतो ते साहेबांनी बघावं. पुस्तकात एका टेकडीवरच्या घरात एक श्रीमंत म्हातारी रात्रीत मरते. तिला आम्ही मोठीबाई म्हणायचो. घरात तिची आजन्म सेवा केलेली धाकटी बहीण, ती धाकटीबाई. एक उधळ्या भाचा, ते भाचेबुवा. आणि एक पाद्री. शेवटच्या प्रकरणापाशी येऊन मी पुस्तक मिटलं.

मी नाव घेतलं भाचेबुवांचं. मोतीलालजी आणि गोविंदरावही माझ्यामागे आले. पुंडलिकभाऊ म्हणाले, “धाकटीबाई.”

“कशावरून हो?” हेडमास्तरांनी विचारलं.

“सकाळी तिनं मोलकरणीला चहाचं तबक मांडायला सांगितलं. एक कप कमी ठेव म्हणाली. अन् मोठीबाईचं दार तर त्याच्यानंतर उघडलं. ती गेली हे हिला आधी कसं कळलं?”

ते वाक्य मी स्वतः वाचलं होतं. स्वतः मराठी केलं होतं. मला ते दिसलंच नव्हतं.

हेडमास्तर म्हणाले, “वा. वाचलं मास्तरांनी, आणि समजलं तुम्हाला.” सगळे हसले. पुंडलिकभाऊही हसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “साहेब, आमचे मास्तर म्हणजे टांगेवाले. गावापर्यंत बरोबर आणून सोडतात. घर तेवढं आपल्याला शोधावं लागतं.”

प्रेमानेच म्हणाले. हे मला तेव्हाही कळत होतं.

मी पुस्तक उघडलं. डोळे पुढे धावले. पहिल्याच पानावर होतं — धाकटीबाई. तो कप. अगदी तसंच. आणि मागून जीभ आली, आणि जिभेने म्हटलं — भाचेबुवा.

एकदा म्हटलं की मग पुढचं सगळं तसंच बोलत जावं लागलं. त्या प्रकरणात धाकटीबाईचा कबुलीजबाब आहे. चांगला लांबलचक. बहिणीची उशी नीट करण्यात गेलेली वर्षं, एकदा दारावरून परत गेलेला एक माणूस, आणि त्या रात्री औषधाची बाटली हातात घेतल्यावर वाटलेली शांतता. मी तो सगळा गिळला. त्याच्या जागी भाच्याच्या तोंडी जुगाराची चार वाक्यं घातली. डोळ्यांपुढे एक बाई जन्माचं दुःख सांगत होती आणि मी तोंडाने जुगार वाचत होतो. इतकं सफाईदार भाषांतर मी त्याआधी कधी केलं नव्हतं.

हेडमास्तरांनी टाळी वाजवली.

आणि पुंडलिकभाऊ? ते किती खूश झाले म्हणून सांगू. आत हाक मारली, “अहो, ऐकलं का, आज वाटी मास्तरांची.” पहिला घास त्यांनीच भरवला. मी तोंड उघडलं. तुम्ही विचाराल, तेव्हा बोलता आलं नसतं का? तोंडात घास होता. हे उत्तर नाही, मला माहीत आहे. पण तेव्हा मला तेच पुरलं.

घास गिळून होतो तोच त्यांनी विचारलं, “पण मास्तर, मग तो एक कप कमी का होता?”

मी म्हटलं, “आदल्या दिवशी फुटला होता. लिहिलंय पुढे.”

“असं होय,” ते म्हणाले. 

त्या रविवारी त्यांनी कुंडीची गोष्ट पुढे सांगितली नाही. पुढच्याही नाही. मोतीलालजी मागे लागले तेव्हा म्हणाले, “जाऊ द्या हो. ज्याला फुटका कप दिसतो अन् चोर दिसत नाही, त्यानं कशाला गोष्टी रचाव्या?” हसत म्हणाले. पण माणसं ओळखण्याचा त्यांचा स्वतःवरचा जो भरवसा होता, तो तिथून ढळला. नंतरच्या पुस्तकांना ते नाव घ्यायचे, पण आधी माझ्याकडे बघून. कधी मी घेतलेलंच नाव उचलायचे. मान तिरपी करून ऐकणं थांबलं. मी ते बघत होतो. दर रविवारी, हातभर अंतरावरून.

एकदा त्यांनी ते पुस्तक मागितलं. “नुसतं बघायचं आहे, कप कुठल्या पानावर आहे ते. तुम्ही बोट ठेवून दाखवा.” मी म्हटलं, वाळवी लागली, टाकून दिलं. पुस्तक माझ्या ट्रंकेत होतं, धोतराच्या घडीखाली. अजूनही — नाही, आता नाही. तेच सांगायचं आहे.

पुढे त्यांना पोटाचं दुखणं लागलं. मी रोज संध्याकाळी जात असे. त्यांच्या बहादरपूरच्या मळ्यातली केळी खाटेखाली पिकत ठेवलेली असत, त्या गोड वासात आम्ही बसायचो. एकदा अगदी सहज म्हणाले, “मास्तर, तो कप खरंच फुटला होता का हो?” रागाने नाही, संशयाने नाही. लहान मूल अंधारात कोणी आहे का विचारतं, तसं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. माझी नोकरी जाणार नव्हती. हेडमास्तर केव्हाच बदलून गेले होते. सांगितलं असतं तर ते हसलेच असते, मला खात्री आहे. कदाचित कुंडीतला खुनीही सांगितला असता.

मी म्हटलं, “हो भाऊ. फुटला होता.”

“बरं,” ते म्हणाले, आणि कुशीवर वळले. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. कुंडीत सावकाराला कोणी ढकललं ते कोणालाच माहीत नाही.

त्या घरात तो कप मात्र राहिला. काही हरवलं, काही सापडेना, की गोदावहिनी म्हणतात, “कप फुटला असेल.” मुलं हसतात. बाबा जन्मात एकदाच चुकले, एका कपापायी, ही त्या घरातली लाडकी हकीकत आहे. मीही तिथे बसून हसलो आहे. अनेकदा.

त्यांची धाकटी लेक कुसुम. वडील गेले तेव्हा परकरात होती, आता मॅट्रिकला बसते आहे. तिचं इंग्रजी मी घेतो. गेल्या महिन्यात तिने विचारलं, “मास्तरकाका, बाबांच्या गोष्टीतला खुनी कोण होता? तुम्हाला तर सांगितलंच असेल त्यांनी.” मी म्हटलं, मला माहीत नाही. त्या घरात या बाबतीत इतक्या वर्षांत मी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य.

त्यानंतरच्या शिकवणीला मी ट्रंकेतलं पुस्तक नेलं. म्हटलं, धडे पुरे, आता हे वाच. तोंडाने सांगायला पाहिजे होतं. तेवढं धैर्य अजूनही झालं नाही, म्हणून पुस्तक दिलं.

परवा शिकवणी संपल्यावर ती पुस्तक घेऊन समोर बसली. मान किंचित तिरपी.

“काका, हिनं एक कप कमी का ठेवायला सांगितला?”

“वाच पुढे,” मी म्हटलं.

तिने पुस्तक मागेपुढे चाळलं. मग म्हणाली, “हे तेच पुस्तक ना? बाबांचं?”

“हो.”

“त्याला तर वाळवी लागली होती.”

“नाही,” मी म्हटलं. “लागली नव्हती.”

 तिने पुस्तक मिटलं, पदरात धरलं आणि आत गेली. आतून वहिनींचा आवाज आला, “मास्तर गेले का गं?” तिने काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही.

धाकटीबाईच्या कबुलीजबाबाचं ते शेवटचं प्रकरण आता तिच्याजवळ आहे. आज रविवार. जेवण झालं की मी भाऊंच्या दुकानाच्या गादीवर जाईन आणि माझ्या नेहमीच्या जागी बसेन.